ताई, तुमच्यामुळे खरं बोलायला लागले

आदरणीय ताई,

हे पत्र एकट्या तुम्हालाही पाठवता आलं असतं. पण समुपदेशनात तुम्ही मला जे दिलंत ते आणखी कुणाच्या तरी उपयोगी पडावं, म्हणून सगळ्यांसमोर तुमचे आभार मानते आहे.

मी आले तेव्हा माझी मागणी एकच होती: स्वतःला आहे तसं स्वीकारायला शिकवा. तुम्ही मला एक वही ठेवायला सांगितलीत. रोज रात्री त्यात लिहायचं, की आज मनात एक असताना तोंडाने दुसरं काय म्हटलं आणि मनातलं बोलले असते तर वाक्य काय झालं असतं. कुणाची माफी मागायची नाही, स्वतःला बोल लावायचा नाही. नुसतं लिहायचं.

पानं भरत गेली. मुद्दा कळलेला नसताना डोलावलेली मान. बेत आवडलेला नसताना "मला काहीही चालेल." अंगात त्राण नसताना "मी मजेत!" यातलं काहीच कुणाला फसवायला म्हटलेलं नव्हतं, तरी वाचताना मला लाज वाटायची. तेव्हा तुम्ही मानसशास्त्रज्ञ बेला डीपाउलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९६ मधल्या अभ्यासाबद्दल सांगितलंत. त्यात लोकांनी आपल्या खोट्या बोलण्याची रोजनिशी ठेवली होती. विद्यार्थ्यांच्या नोंदी निघाल्या दिवसाला सरासरी दोन, इतरांच्या एक. माझा जीव भांड्यात पडला.

मग तुम्ही विचारलंत, "असं बोलताना तुम्ही कुणाला झाकताय?"

ताई, सगळं बदललं ते या प्रश्नाने. मी दर वेळी मलाच झाकत होते. लोक माझं कौतुक करायचे आणि ते माझ्यापर्यंत पोचायचंच नाही, कारण कौतुक व्हायचं ते त्या सदा मजेत असणाऱ्या बाईचं. खरी मी यांना कळले तर काय, ही धाकधूक मागे उरायचीच. आधी स्वतःला स्वीकारू आणि मग मोकळेपणाने बोलू, असं मी धरून चालले होते. तुम्ही हा क्रमच उलटा करायला लावलात.

सुरुवात अगदी लहान वाक्यांपासून केली. एका मैत्रिणीने बोलावलं होतं. "तब्येत बरी नाही" असं टाइप केलं, पुसलं आणि लिहिलं, "आज मला एकटीला राहायचंय, पुढच्या आठवड्यात भेटूया का?" पाठवल्यावर फोन उलटा ठेवून दिला, छाती धडधडत होती. तिचं उत्तर आलं, "बरं, चालेल." बस, इतकंच.

खरं बोलायचं म्हणजे तोंडाला येईल ते बोलायचं नाही, हेही तुम्ही वेळीच बजावलंत. समोरच्याबद्दलचं मत ऐकवायची घाई नको, आधी स्वतःबद्दलचं एक वाक्य खरं म्हणा. ही मेख कळली नसती तर मी सच्चेपणाच्या नावाखाली माणसं दुखावत सुटले असते.

आणि तुम्ही स्वतः तशाच वागलात. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मानसोपचाराने माणसात बदल घडण्याच्या ज्या अटी मांडल्या, त्यात समुपदेशकाने आतबाहेर एकच असावं ही एक होती. मला ती कळली तुमच्याकडे बघून. मी बराच वेळ बोलत होते आणि तुम्ही थांबवून म्हणालात, "माझं लक्ष जरा भरकटलं. शेवटचं पुन्हा सांगाल?" मला अपमान वाटला नाही, उलट हायसं वाटलं. इतक्या सहज हे म्हणता येतं, आणि म्हणूनही माणूस आदरणीयच राहतो!

आजही काही संध्याकाळी "मी मजेत" तोंडून निघून जातं. पण आता त्यावरून मी स्वतःला नापास करत नाही. निघाल्या शब्दापाठोपाठ "खरं तर आज दमले आहे" असं म्हणायला जमू लागलं आहे, आणि घरातली माणसंही तसंच बोलू लागली आहेत. हे तुम्हाला कळायला हवं होतं, ताई. मनापासून आभार.

तुमची,
वहीवाली