तारीख न सांगणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

प्रभूमध्ये सप्रेम नमस्कार.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. त्या दिवसांत तुम्ही रेवदंडा खाडीच्या दोन्ही काठांवरच्या आम्हा लोकांना ‘प्रकटीकरण’, म्हणजे जगाच्या शेवटाबद्दलचं बायबलमधलं शेवटचं पुस्तक, शिकवलंत. घरी येऊन आभार मानता आले असते. पण वादळाचा इशारा आला की फोनवर ‘शेवट आला’चे व्हिडिओ फिरायला लागतात. म्हणून हे पत्र उघड लिहितोय, म्हणजे वर्गाला न आलेल्यांच्याही हाती काही लागेल.

पहिला उपकार वाचायच्या क्रमाचा. बहुतेक जण सहाव्या अध्यायातल्या घोड्यांपासून नाहीतर तेराव्यातल्या श्वापदापासून सुरुवात करतात, घाबरतात आणि पुस्तक मिटतात. बाविसाव्यापर्यंत कोणी पोचतच नाही. तुम्ही आधी दुसरा-तिसरा अध्याय घेतलात, सात मंडळ्यांना लिहिलेली पत्रं. मग चौथा-पाचवा, सिंहासन आणि कोकरा. त्यानंतर थेट एकविसावा-बाविसावा, आणि मधलं सगळं शेवटी. शेवट कुठे होतो हे आधी कळलं, की मधले संकटांचे कर्णे आणि क्रोधाच्या वाट्या ऐकताना छातीत धडकी भरत नाही. वाचायचं ते मोठ्याने, कारण 1:3 मधला आशीर्वाद वाचून दाखवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना आहे. आणि ‘ख्रिस्तविरोधक’ हा शब्द या पुस्तकात एकदाही येत नाही, तो योहानाच्या पत्रांत आहे, हे कळल्यावर तर निम्मे व्हिडिओ आपोआप गळाले.

उरलेले तारखांनी गळाले. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी प्रभू येण्याचा दिवस म्हणून 22 ऑक्टोबर 1844 धरला होता, हॅरल्ड कॅम्पिंगने 21 मे 2011. तो दिवस कोरडा गेला तेव्हा कॅम्पिंगने 21 ऑक्टोबर सांगितला. चुकलेला हिशोब सहसा असाच पुढे ढकलला जातो. मत्तय 24:36 मध्ये तर तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही असं लिहिलंय. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकलं तेव्हाही तोच गोंधळ झाला होता. त्याच अध्यायाची सहावी आणि आठवी ओवी तुम्ही समोर ठेवलीत: घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, या वेणांची सुरुवात आहे. वादळात कौलं उडालेल्या शेजाऱ्याकडे ताडपत्री घेऊन जायचं, आकडेमोड करत बसायचं नाही. थेस्सलनीका शहरातल्या मंडळीत काहींनी कामधंदा सोडला, त्यांना प्रेषित पौलाने काय सुनावलं ते त्यांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. प्रभू येणार म्हणून हापूसची कलमं लावायची थांबवू नयेत.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला, दिवे घेऊन नवरदेवाची वाट बघणाऱ्या दहा कुमारींचा दाखलाही नीट कळला. झोप तर दहाहीजणींना लागली होती, म्हणजे चूक झोपेची नव्हती. पाचजणींकडे भांड्यात जादा तेल नव्हतं, आणि मध्यरात्री ते उसनं मिळत नाही. तेल म्हणजे काय, ते त्याच अध्यायात पुढे आहे: भुकेल्याला जेवण, आजाऱ्याची भेट. त्यावरून तुम्ही करायला लावलेलं एक पान आता बहुतेक घरांत बायबलमध्ये घडी करून ठेवलेलं आहे. कोणाचं किती देणं आहे. कोणाशी बोलणं तुटलंय. कागदपत्रं कुठल्या डब्यात आहेत. आजारपणात फादरना कोणी आणि कधी बोलवायचं. गडबड होते ती या शेवटच्या ओळीत. आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार ‘शेवटचा’ म्हणून लोक टाळत राहतात, आणि शुद्ध हरपल्यावर धावतात. मग तेल लागतं, कुमसार, म्हणजे पापांची कबुली, राहून जातो. हा संस्कार गंभीर आजारासाठी आणि थकलेल्या म्हातारपणासाठीही आहे, मरणाच्या घटकेची वाट बघायची नाही, हे तुम्ही घरोघरी जाऊन पटवलंत.

इब्री 6:19 मध्ये आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. ते शिकवायला तुम्ही नाखव्यांनाच बोलतं केलंत, हे फार बरं झालं. पाच वाव (एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढी लांबी) पाणी असेल तर दोर पंचवीस ते पस्तीस वाव सोडायचा. आखूड सोडला तर ओढ वरच्या बाजूला बसते, नांगर तळातून उचकटतो आणि होडी वाहायला लागते. नांगरापाशी साखळीचा तुकडा असतो तो ओढ आडवी राहावी म्हणून. तळातला नांगर दिसत नाही, हाताला कळतो तो फक्त ताठ दोर. पुढच्या महिन्याच्या तारखेवर टांगलेली आशा आखूड दोराची, असं तुम्ही म्हणालात तेव्हा कोणाला अर्थ विचारावा लागला नाही.

पण सगळ्यात जास्त आभार 21:1 साठी. नव्या पृथ्वीवर ‘समुद्रही राहिला नाही’ हे वाचल्यावर कोळीवाड्यातल्या बायका रागावल्या होत्या. समुद्र नाही तर तिथे आपण करायचं काय? तुम्ही घाईने गोड उत्तर दिलं नाहीत. तेराव्या अध्यायातलं श्वापद समुद्रातून वर येतं आणि हे लिहिणारा योहान पात्म बेटावर अडकलेला होता, म्हणजे इथे समुद्र हे अनर्थाचं आणि ताटातुटीचं चित्र आहे, एवढं सांगितलंत. मग दोन-तीन ओव्या मागे नेलंत, 20:13 वर: समुद्राने आपल्यातले मेलेले बाहेर दिले. आधी तो परत देतो, मग जातो. ज्या घरांतलं माणूस पाण्यात गेलं आणि हाती आलंच नाही, त्या घरांत 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, फुलं ठेवायला कबर नसते. त्या संध्याकाळी अशा तीन घरांतल्या बायका शेवटपर्यंत बसून होत्या.

यंदा 2 नोव्हेंबरला किनाऱ्यावरच्या क्रुसापाशी पाण्यात गेलेल्यांची नावं वाचायचं ठरलंय. त्याआधी 20:13 तुम्ही वाचावं, ही विनंती. भरती-ओहोटी बघून वेळ कळवतो.

तुमचे,
खाडीच्या दोन्ही काठांवरचे वर्गातले सगळे