नृत्य बसवणाऱ्या स्त्रीचेही नाव छापा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बॅलेच्या इतिहासावरचा लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिलेला आहे. परंतु त्यात नृत्ये बसवणारे म्हणून आलेली नावे एकूण एक पुरुषांची आहेत आणि स्त्रिया येतात त्या केवळ नर्तकी म्हणून. बॅलेमध्ये स्त्रियांनी रचना केल्याच नाहीत असा वाचकाचा समज त्यातून होईल. तो चुकीचा आहे.

बॅलेने नुसती पावलांची कसरत न दाखवता कथा आणि भाव सांगावेत, या विचाराचे श्रेय सहसा फ्रेंच नृत्यरचनाकार ज्याँ-जॉर्ज नोव्हेर यांना दिले जाते. त्यांचे या विषयावरचे लेखन 1760 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या सव्वीस वर्षे आधी, 1734 मध्ये, फ्रेंच नर्तकी मारी सॅले यांनी लंडनमध्ये ‘पिग्मॅलियन’ स्वतः रचून सादर केले होते आणि त्यासाठी त्या काळचा सांगाडा घातलेला घेरदार झगा बाजूला ठेवून साधे मलमलीचे वस्त्र नेसून, केस मोकळे सोडून त्या मंचावर आल्या होत्या. पुढच्या शतकातील नर्तकी मारी ताल्योनी यांचेही तसेच. 1832 च्या ‘ला सिल्फीद’मधील त्यांची भूमिका सर्वांना ठाऊक असते, पण 1860 मध्ये पॅरिस ऑपेरासाठी त्यांनी ‘ल पापियों’ हा पूर्ण बॅले आपली शिष्या एमा लिव्हरी हिच्यासाठी बसवला, हे क्वचितच सांगितले जाते. दोनच वर्षांनी तालमीत दिव्याच्या ज्योतीने एमाच्या झग्याने पेट घेतला, पुढच्या वर्षी ती गेली आणि तिच्याबरोबर तो बॅलेही मागे पडला.

सर्वांत मोठी उणीव मात्र ब्रोनिस्लावा निजिन्स्का यांची आहे. लेखात त्यांचे नाव आहे, ते प्रसिद्ध रशियन नर्तक वास्लाव्ह निजिन्स्की यांची बहीण म्हणून. भावाने आपल्या नव्या हालचाली आधी याच बहिणीच्या अंगावर बसवून पाहिल्या होत्या, हा भाग तूर्त बाजूला ठेवू. 13 जून 1923 रोजी पॅरिसमध्ये रशियन संगीतकार स्ट्राविन्स्की यांच्या संगीतावर निजिन्स्का यांनी ‘ले नोस’, म्हणजे ‘लग्न’, सादर केले. चित्रकार गोंचारोवा यांनी आधी काढलेले रंगीबेरंगी पोशाख त्यांनी नाकारले आणि सगळ्यांना तपकिरी-पांढऱ्या साध्या कपड्यांत उभे केले. त्यांच्या दृष्टीने हा आनंदसोहळा नव्हता. दोन्ही घरच्यांनी ठरवलेले, वधू-वरांना न विचारता होणारे ते लग्न होते. वधूच्या लांबलचक वेण्या मैत्रिणी हातांत धरून उभ्या राहतात, मग एकीच्या डोक्यावर दुसरीचे डोके टेकत चेहऱ्यांचा मनोरा रचला जातो आणि त्याच्या टोकाला वधूचा चेहरा येतो. तोवर बॅलेत चवड्यांवरचे नृत्य नाजूकपणासाठी असे. इथे त्याच चवड्यांनी जमिनीवर टोचे मारल्यासारखी पावले पडतात. मी हे नृत्य चित्रफितीतच पाहिले आहे, परंतु आपल्याकडची पाठवणी पाहिलेल्या कुणालाही ते परके वाटणार नाही.

हे नृत्य आज पाहता येते, ते नृत्यरचनाकार फ्रेडरिक अ‍ॅश्टन यांनी 1966 मध्ये सत्तरी ओलांडलेल्या निजिन्स्का यांना लंडनला बोलावून रॉयल बॅले या तिथल्या नामांकित संस्थेच्या कलावंतांकडून ते बसवून घेतले म्हणून. नाटकाची संहिता उरते, गाण्याची स्वरलिपी उरते. नृत्य प्रामुख्याने शरीरांच्या आठवणीत राहते आणि ते कुणाचे होते हे सांगायला नावाखेरीज फारसे काही उरत नाही.

त्याच रॉयल बॅलेची संस्थापना निनेट द व्हाल्वा या स्त्रीने केली, ‘जोब’ आणि ‘चेकमेट’सारख्या रचनाही त्यांच्याच, तरीही 2017 मध्ये क्रिस्टल पाईट यांचे ‘फ्लाइट पॅटर्न’ तिथल्या मुख्य मंचावर आले, तेव्हा एखाद्या स्त्रीने त्या मंचासाठी नृत्य बसवण्याची अठरा वर्षांतली ती पहिलीच वेळ होती.

आपल्याकडेही नृत्यनाट्याला आपण बॅलेच म्हणतो. खंडाळ्याला नृत्यविद्यालय उभारणाऱ्या मादाम मेनका यांनी कथकच्या आधाराने समूहनृत्यनाट्ये रचली आणि 1936 मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत पारितोषिके मिळवली. महाराष्ट्रात घडलेला हा इतिहास अशा लेखात यायलाच हवा होता.

मी नागपुरात बरीच वर्षे कथक शिकवते. दोन वर्षांपूर्वी येथील एका संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमासाठी मी आणि माझ्या सहकारी शिक्षिकेने तीन महिने खपून चाळीस मुलींचे नृत्यनाट्य बसवले. पत्रिकेत पाहुणे होते, प्रकाशयोजना होती, ध्वनिव्यवस्था आणि मंडपवालेही होते; नृत्यदिग्दर्शनाची ओळच नव्हती. विचारल्यावर, ‘ताई, जागा उरली नाही’, एवढेच उत्तर मिळाले. मला त्याचे वाईट वाटले ते माझ्यापुरते नव्हे, कारण त्या चाळीस मुलींनीही ती पत्रिका वाचली होती.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. निजिन्स्का यांच्यावर पुरवणीत स्वतंत्र लेख यावा. आणि डिसेंबर-जानेवारीत शहरातील स्नेहसंमेलनांच्या बातम्या आपल्याकडे येऊ लागतील, तेव्हा नृत्य कोणी बसवले हे आपल्या वार्ताहरांनी आयोजकांना आवर्जून विचारावे आणि ते नाव बातमीत छापावे.

आपली विश्वासू,
एक कथक-शिक्षिका,
धरमपेठ, नागपूर