चलनबाजाराचा रोबो शिकवणाऱ्यांनी चाचणी आणि कायदाही शिकवावा

माननीय संपादक महोदय,

‘दोन दिवसांत स्वतःचा ट्रेडिंग रोबो तयार करा, झोपेतही कमवा’ अशा आशयाच्या कार्यशाळांच्या जाहिराती हल्ली जिल्हा पुरवण्यांमध्ये वारंवार दिसतात. मी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो. माझ्या वर्गातले काही विद्यार्थी घरून पैसे घेऊन अशा कार्यशाळांना जाऊन आले आणि तिथे लिहिलेले प्रोग्रॅम त्यांनी मला दाखवले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. चलनबाजारात आपोआप सौदे करणारा प्रोग्रॅम लिहिणे हा अभ्यासाचा उत्तम विषय आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आक्षेप आहे तो या कार्यशाळा जे शिकवत नाहीत त्याबद्दल.

प्रोग्रॅम लिहिणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. ‘मेटाट्रेडर’ या प्रणालीवर ‘एक्स्पर्ट ॲडव्हायझर’ नावाने ओळखले जाणारे हे रोबो चालतात. भावांची कमी मुदतीची सरासरी जास्त मुदतीच्या सरासरीला खालून छेदून वर गेली की खरेदी, वरून छेदून खाली आली की विक्री, एवढा नियम दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी एका दुपारी लिहून काढतो. मग तो मागच्या दोन-तीन वर्षांच्या भावांवर चालवून पाहायचा, म्हणजेच बॅकटेस्ट घ्यायची, आणि पडद्यावर शिल्लक रकमेची चढती रेघ उमटली की कार्यशाळा संपते. खरे काम मात्र तिथूनच सुरू होते.

एका विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅममध्ये युरो-डॉलरच्या पाच मिनिटांच्या आलेखावर प्रत्येक सौद्यामागे सरासरी एका पिपहूनही कमी नफा दिसत होता. पिप म्हणजे या जोडीच्या भावात दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या स्थानावरचा एक अंक, म्हणजे ०.०००१. चाचणीत स्प्रेड, म्हणजे खरेदीच्या आणि विक्रीच्या भावातले अंतर, जवळपास शून्य धरले होते. तेच अंतर दीड पिप धरून आम्ही चाचणी पुन्हा चालवली, तेव्हा चढती रेघ पहिल्या महिन्यापासूनच उतरू लागली. शिवाय हे अंतर दिवसभर सारखे नसते. न्यू यॉर्कचा व्यवहारदिवस संपतो तेव्हा, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतर अडीच किंवा साडेतीनच्या सुमारास, ते अनेक पटींनी वाढते. अमेरिकेतील रोजगाराची मासिक आकडेवारी सहसा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, आपल्या घड्याळात संध्याकाळी सहा किंवा सात वाजता जाहीर होते, तेव्हाही तसेच होते. रोबोला यातले काहीच कळत नाही. त्याला सरासऱ्या छेदताना दिसतात आणि तो सौदा करतो.

दुसरा दोष याहून फसवा आहे. चाचणीचे सॉफ्टवेअर वेगवेगळी मूल्ये आपोआप घालून पाहते. लहान सरासरीसाठी ४६ पर्याय, मोठीसाठी २९ आणि स्टॉपलॉससाठी, म्हणजे तोटा ठरावीक मर्यादेला पोहोचला की सौदा बंद करण्याच्या सूचनेसाठी, १० पर्याय दिले, तर १३,३४० जोडण्या तयार होतात. इतक्यांतली सर्वोत्तम जोडणी त्या ठरावीक काळात नफा दाखवणारच, कारण तिची निवडच त्या नफ्यावरून झालेली असते. यावर उपाय ठाऊक आहे आणि तो कंटाळवाणा आहे. शेवटच्या दोन वर्षांचे भाव आधीच बाजूला काढून ठेवायचे, मूल्ये जुन्या भावांवर ठरवायची आणि बाजूला ठेवलेल्या भावांवर प्रोग्रॅम एकदाच चालवायचा. तिथे तोटा दिसला म्हणून मूल्ये बदलून पुन्हा चालवला, की ते भावही वापरून संपले असे समजावे. माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकालाही कार्यशाळेत हे सांगण्यात आले नव्हते.

सर्वांत जास्त काळजी वाटावी अशी गोष्ट मार्टिंगेल पद्धतीची आहे. ‘९९ टक्क्यांहून अधिक यश’ असा दावा करणाऱ्या बहुतेक रोबोंच्या मुळाशी हीच पद्धत असते, म्हणून तिचा हिशेब इथे सविस्तर मांडतो. सौदा तोट्यात गेला की पुढचा सौदा दुप्पट आकाराचा करायचा, आणि कधीतरी एक सौदा नफ्यात गेला की आधीचे सगळे तोटे भरून निघून मूळ नफा हाती राहतो. युरो-डॉलरच्या एका लॉटमध्ये १ लाख युरो असतात आणि त्यावर एका पिपचे १० डॉलर होतात. सुरुवात ०.०१ लॉटने केली आणि नफा-तोटा दोन्हींची मर्यादा २० पिपांवर ठेवली, तर पहिल्या सौद्यात २ डॉलर मिळतील किंवा जातील. सलग दहा सौदे तोट्यात गेले, तर २, ४, ८ असे वाढत जाऊन एकूण २०४६ डॉलर गेलेले असतात आणि अकरावा सौदा १०.२४ लॉटचा, म्हणजे दहा लाख युरोंहून मोठा करावा लागतो. साध्या खात्यात तेवढी रक्कम नसतेच. खाते तिथेच संपते. आता भाव वर जाणे आणि खाली जाणे समान शक्यतेचे धरा, आणि पहिला नफा मिळेपर्यंत किंवा सलग दहा तोटे होईपर्यंतच्या सौद्यांना एक फेरी म्हणा. १०२४ फेऱ्यांपैकी सरासरी १०२३ फेऱ्यांत दोन-दोन डॉलर मिळून २०४६ डॉलर येतात आणि उरलेल्या एका फेरीत बरोबर २०४६ डॉलर जातात. पदरात शून्य पडते, आणि प्रत्येक सौद्याचे स्प्रेड वेगळे द्यावे लागते ते निव्वळ नुकसान. पण ती एक फेरी येईपर्यंत कित्येक महिने सुरळीत जाऊ शकतात आणि जाहिरातीत दाखवले जातात ते नेमके हेच महिने. यशाची टक्केवारी खोटी नसते. ती अपुरी असते, आणि म्हणूनच एरवी हुशार असलेली मुलेही तिला बळी पडतात.

स्टॉपलॉस लावला की धोका मर्यादित राहतो, या विधानालाही मर्यादा आहे. १५ जानेवारी २०१५ रोजी, आपल्याकडे दुपारचे तीन वाजले असताना, स्विस मध्यवर्ती बँकेने एका युरोला किमान १.२० फ्रँक हा सप्टेंबर २०११ पासून राखलेला दर पूर्वसूचना न देता सोडून दिला. काही मिनिटांत तो भाव १ च्या खाली गेला. स्टॉपलॉस ही आपण ठरवलेला भाव आला की बाजारभावाने सौदा उरकण्याची सूचना असते. मधल्या भावांना घेणारा कोणी नसेल, तर सौदा कुठे उरकेल याची हमी कोणीच देत नाही. अनेक ग्राहकांची खाती शून्याखाली गेली, एफएक्ससीएम या मोठ्या दलालाची त्यांच्याकडून सुमारे २२.५ कोटी डॉलरची येणी थकली आणि अल्पारी यूके दिवाळखोरीत निघाली.

हे झाले तंत्राचे. कायद्याचा भाग तर कार्यशाळांमध्ये उच्चारलाही जात नाही. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ म्हणजे फेमानुसार भारतात राहणाऱ्या व्यक्तीला परकीय चलनाचे व्यवहार अधिकृत व्यक्तींशी आणि परवानगी असलेल्या कारणांसाठीच करता येतात, आणि इलेक्ट्रॉनिक व्यवहार रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेल्या मंचांवर किंवा एनएसई, बीएसई आणि एमएसई या शेअर बाजारांतच करता येतात. परदेशी पैसे पाठवण्यासाठी वर्षाला अडीच लाख डॉलरची सवलत असली, तरी परदेशी मंचावर मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ठेवावी लागणारी अनामत रक्कम, भरण्यासाठी ती वापरता येत नाही. उल्लंघन झाल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. माझ्या एका विद्यार्थ्याला मार्जिनचे पैसे एका तिऱ्हाईत व्यक्तीच्या खात्यात यूपीआयने भरायला सांगितले होते; तो आपण शिक्षणाचाच खर्च करत आहोत असे समजत होता.

देशातल्या अधिकृत बाजारातही आता मोकळे रान नाही. एनएसईवर डॉलर-रुपयाचे १,००० डॉलरचे वायदे २९ ऑगस्ट २००८ पासून सुरू आहेत. मात्र रिझर्व्ह बँकेच्या ५ जानेवारी २०२४ च्या आणि ३ मे २०२४ पासून लागू झालेल्या परिपत्रकानुसार, रुपयाचा समावेश असलेला सौदा करणाऱ्याकडे परकीय चलनाची खरी जोखीम, म्हणजे आयात, निर्यात, कर्ज असे काहीतरी असावे लागते. केवळ रोबो चालवून पाहण्याची हौस या अटीत बसत नाही.

‘मोठ्या संस्था अल्गोनेच (म्हणजे आपोआप सौदे करणाऱ्या प्रोग्रॅमनेच) कमावतात’ हा विक्रेत्यांचा आवडता दाखला आहे. शेअर बाजाराच्या वायदे-ऑप्शन विभागापुरता तो खरा आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात परकीय गुंतवणूकदार संस्थांच्या नफ्यापैकी ९७ टक्के नफा अल्गो सौद्यांतून आल्याचे म्हटले आहे. पण त्याच अभ्यासाप्रमाणे तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक सौदेदारांना तोटा झाला, हे वाक्य विक्रेते वाचून दाखवत नाहीत. पुढे ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाने सेबीने शेअर बाजारातील अशा अल्गोंची जबाबदारी दलालावर टाकली आणि आतले नियम उघड न करणारा अल्गो विकणाऱ्याला संशोधन विश्लेषक म्हणून नोंदणी सक्तीची केली. परदेशी मंचांवर चालणाऱ्या चलनाच्या रोबोंवर असा अंकुश नाही, कारण ते मंचच आपल्या कायद्याच्या चौकटीबाहेर आहेत.

महाविद्यालयांनी हा विषय टाळू नये, उलट हाती घ्यावा. एफबीआयएल (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया) ही संस्था रोज जाहीर करत असलेल्या चलनांच्या संदर्भ दरांवर, कोणतेही खाते न उघडता आणि एक रुपयाही न गुंतवता, विद्यार्थी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहून त्याची प्रामाणिक चाचणी घेऊ शकतात. गुण नफ्याच्या रेघेला न देता, आपलाच नियम कुठे मोडतो हे शोधून काढणाऱ्याला द्यावेत. मी तसे करून पाहतो आहे, आणि मुले त्यात मनापासून रमतात.

आपल्यासारख्या वृत्तपत्रांकडून मात्र वेगळी अपेक्षा आहे. रिझर्व्ह बँक सप्टेंबर २०२२ पासून अनधिकृत मंचांची सावधगिरीची यादी प्रसिद्ध करते आणि त्या यादीत नाव नसणे म्हणजे परवानगी असणे नव्हे, हेही तीच स्पष्ट करते. तेव्हा चलनाच्या रोबोची जाहिरात स्वीकारताना त्यात वापरला जाणारा मंच रिझर्व्ह बँकेच्या अधिकृत यादीत आहे का, हे आपल्या जाहिरात विभागाने पाहावे. जाहिरातीत नफ्याचा दावा असेल, तर चाचणीचा कालावधी, धरलेले स्प्रेड आणि मधल्या काळातला सर्वांत मोठा तोटा हे तीन आकडे त्याच टंकात छापण्याची अट घालावी, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
संगणकशास्त्राचा एक अध्यापक, सांगली