इवानचुकला अपयशी ठरवण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावरची वासिल इवानचुकविषयीची चौकट वाचली. २०२४ च्या डिसेंबरअखेर न्यूयॉर्कला जागतिक ब्लिट्झ (अतिजलद बुद्धिबळ) स्पर्धेत डॅनियल नारोडित्स्कीकडून हरल्यावर पंचावन्न वर्षांचा हा युक्रेनी ग्रँडमास्टर पटासमोरच ढसाढसा रडला. ते दृश्य समाजमाध्यमांवर इतके फिरले आहे की छायाचित्र छापल्याबद्दल काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती सोबतच्या मजकुराच्या सुराबद्दल. विश्वविजेतेपद मिळाले नाही, म्हणजे कारकीर्द वाया गेली, असा तो सूर आहे. गुकेश जगज्जेता झाल्यापासून आपल्याकडे बुद्धिबळाच्या बातम्या वाढल्या हे चांगलेच झाले. पण खेळाडूचा सगळा हिशेब चषकांत मांडायची क्रिकेटची सवयही त्यांच्या पाठोपाठ आली.

इवानचुक तेर्नोपिल प्रांतातल्या कोपिचिन्त्सी या छोट्या गावचा, जन्म १९६९ चा. १९९१ साली स्पेनमधल्या लिनारेसला खेळायला गेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. या स्पर्धेला तेव्हा बुद्धिबळाचे विम्बल्डन म्हणत. कास्पारॉव्ह जगज्जेता, कारपॉव्ह त्याच्या आधीचा जगज्जेता, आणि दोघेही मैदानात. इवानचुकने दोघांनाही हरवले. १३ डावांत ९.५ गुण करून कास्पारॉव्हला अर्ध्या गुणाने मागे टाकत त्याने स्पर्धा जिंकली. जुलैच्या मानांकन यादीत तो जगात दुसरा होता, आणि पुढचा जगज्जेता हाच असे जाणकार बोलू लागले होते. ऑगस्टमध्ये ब्रसेल्सला, जगज्जेत्याचा प्रतिस्पर्धी ठरवणाऱ्या आव्हानवीरांच्या उपांत्यपूर्व सामन्यात आर्तुर युसुपॉव्हशी बरोबरी झाली आणि निकाल जलद डावांवर गेला. त्यातल्या पहिल्याच डावात युसुपॉव्हने काळ्या मोहऱ्यांनी त्याच्या राजावर जो हल्ला चढवला, तो आजही पुस्तकांत छापला जातो. इवानचुक बाहेर पडला.

त्याचे मन मोक्याच्या वेळी कच खाते हे मी नाकारत नाही. आनंदच्या चाहत्यांना २००१–०२ ची फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेची विश्वविजेतेपद स्पर्धा आठवत असेल. उपांत्य फेरीत इवानचुकने गतविजेत्या आनंदलाच घरी पाठवले, आणि मॉस्कोतल्या अंतिम सामन्यात अठरा वर्षांच्या देशबांधवाकडून, रुस्लान पोनोमारिऑव्हकडून, ४.५–२.५ असा हरला. २००८ च्या ड्रेस्डेन ऑलिम्पियाडमध्ये, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेत, शेवटच्या फेरीत अमेरिकेच्या कामस्कीविरुद्ध डाव गमावल्यावर तो इतका बिथरला, की उत्तेजक चाचणीला न थांबता तरातरा निघून गेला. प्रकरण चौकशीपर्यंत गेले, पण शिक्षा झाली नाही. पुढच्या वर्षी विश्वचषकात सोळा वर्षांच्या वेस्ली सो याने हरवले तर थेट निवृत्तीच जाहीर केली, आणि नंतर ती मागेही घेतली.

पण याच माणसाने २०१३ साली लंडनला काय केले ते पाहा. आठ जणांची आव्हानवीर स्पर्धा, जिंकणारा आनंदशी खेळणार. पहिल्या चाळीस चालींना दोन तास, आणि त्यांत चालीगणिक मिळणारे जादा सेकंद नाहीत. इवानचुक विचारात बुडतो तेव्हा पटाकडे नव्हे, छताकडे बघत बसतो. घड्याळ काही थांबत नाही. तब्बल पाच डाव त्याने केवळ वेळ संपल्यामुळे घालवले, आणि शेवटी आठांत सातवा आला. मात्र बाराव्या फेरीत त्याने आघाडीवरच्या कार्लसनला हरवले, चौदाव्या आणि अखेरच्या फेरीत क्रामनिकला. त्या शेवटच्या दिवशी कार्लसनही स्विडलरकडून हरला होता. क्रामनिकने नुसती बरोबरी साधली असती तरी आनंदचा प्रतिस्पर्धी तो ठरला असता. कार्लसन आणि क्रामनिकचे गुण सारखे राहिले, आणि जास्त डाव जिंकल्यामुळे कार्लसन चेन्नईला आला. तिथे आनंदला हरवून तो जगज्जेता झाला, ते आपण सगळ्यांनी पाहिले. तक्त्यात तळाजवळ असलेल्या खेळाडूने जगज्जेतेपदाच्या लढतीचा प्रतिस्पर्धी ठरवला, असे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

चषकांचाच हिशेब हवा असेल, तर तोही रिकामा नाही. २००४ ला स्पेनमधल्या काल्व्हियात आणि २०१० ला रशियातल्या खांती-मान्सियस्कमध्ये युक्रेनने ऑलिम्पियाडचे सुवर्ण जिंकले, आणि दुसऱ्या वेळी पहिल्या पटाचे वैयक्तिक सुवर्णही इवानचुकचेच. २००७ चा जागतिक ब्लिट्झ विजेता तो. आनंद त्या वेळी दुसरा होता. २००८ ला बल्गेरियातल्या सोफियाची स्पर्धा एकही डाव न गमावता, १० पैकी ८ गुणांनी जिंकली. २०१६ ला दोहात, सत्तेचाळिसाव्या वर्षी, जागतिक जलद विजेतेपद, तेही कार्लसन खेळत असताना. त्या बक्षीस समारंभात बाकीचे जग टाळ्या वाजवत होते आणि हा गृहस्थ जॉर्जियाच्या जोबावाबरोबर ड्राफ्ट्स (सोंगट्यांचा पटावरचा खेळ) खेळत बसला होता! चषकांविषयी त्याचे मत काय असावे, ते यावरून ताडावे.

मला विचाराल तर त्याची खरी कमाई डावांत आहे. ठरावीक ओपनिंगवर, म्हणजे डावाच्या ठरलेल्या सुरुवातीवर, आयुष्य काढणारे ग्रँडमास्टर पुष्कळ. हा जवळजवळ सगळी ओपनिंग्ज खेळतो, पांढऱ्यानेही आणि काळ्यानेही, त्यामुळे समोरच्याने तयारी तरी कशाची करायची? १९९६ ला नेदरलँड्समधल्या वाईक आन झी येथे अलेक्सी शिरॉव्हविरुद्धच्या डावात एकविसाव्या चालीला त्याने आपला वजीर सरळ शत्रूच्या उंटाच्या तोंडी दिला. काळ्याचा राजा तिथून दूर, पटाच्या दुसऱ्या बाजूला. वजीर देऊन मात नाही, आणि लगेच परत मिळतो तो फक्त एक उंट. त्याशिवाय मिळते ते सातव्या रांगेवर पोहोचलेले, वजीर व्हायला एकच घर उरलेले एक प्यादे, आणि हळूहळू मोकळी होत जाणारी पांढरी मोहरी. पस्तिसाव्या चालीनंतर शिरॉव्हने डाव सोडला.

आपल्या रविवार पुरवणीत बुद्धिबळाचा कोपरा आहे. रडणाऱ्या इवानचुकच्या छायाचित्राला जेवढी जागा दिली, तेवढीच तिथे या डावाला द्यावी: सगळ्या चाली, आणि वजीर देण्याआधीच्या स्थितीची एक आकृती. पस्तीस चालींना अर्धा स्तंभही लागणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली