जुना कुत्रा आणि नवे पिल्लू : मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पिल्लू घरात आल्यापासून तुझा म्हातारा कुत्रा बंड्या कोपरा धरून बसतो, ते जवळ आले की गुरगुरतो आणि परवा तर त्याने त्याला पंजाखाली दाबून धरले, हे वाचले. दोघांत वरचा कोण हे आपणच एकदा ठरवून द्यावे का, असे तू विचारले आहेस. माझे मत विचारशील तर अजिबात ठरवून देऊ नये. म्हाताऱ्याला ‘नको’ म्हणता आले पाहिजे आणि पिल्लाला ते ‘नको’ समजले पाहिजे, एवढ्यासाठी जे करावे लागेल ते आपण करावे. बाकीचे ते दोघे आपसात बघून घेतात.

कळपात एक म्होरक्या असतो आणि बाकीचे त्याला दबून राहतात, ही समजूत मुळात लांडग्यांवरून आली. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिवासातील लांडग्यांच्या निरीक्षणांवर लिहिले. पुढे १९७० मध्ये लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या पुस्तकामुळे ती कल्पना सर्वत्र पसरली. त्याच मेक यांनी १९९९ मध्ये लिहिले की मोकळ्या रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असे साधे कुटुंब असते, आणि तिथे गादीसाठी मारामाऱ्या चाललेल्या नसतात. तरीही घरोघरी ‘कुत्र्याला आपली जागा दाखवून द्या’ हा सल्ला अजून दिला जातोच. पिल्लाला उताणे पाडून धरणे, मान पकडून हलवणे, असले काही तुला कोणी सुचवले तर सरळ दुर्लक्ष कर.

आता बंड्याच्या गुरगुरण्याविषयी, कारण सगळे मर्म तिथेच आहे. गुरगुरणे ही धमकी कमी आणि सूचना जास्त असते, आणि तीसुद्धा पहिली सूचना नव्हे. त्याआधी तो तोंड फिरवतो, नाकावरून जीभ फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो. मग अंग ताठ होते, डोळ्यांचा पांढरा भाग कडेने दिसू लागतो, ओठ उचलला जातो, आणि एवढे करूनही समोरचा हलला नाही तर आवाज येतो. आवाजानंतर हवेत चावा, आणि अगदी शेवटी खरा चावा. आपण माणसे आधीच्या पायऱ्या पाहत नाही आणि गुरगुरला की मात्र ओरडतो. त्यातून कुत्रा एवढेच शिकतो की आवाज केला तर बोलणी बसतात. मग तो आवाज न करता चावू लागतो, आणि लोक म्हणतात की काही कारण नसताना चावला. म्हणून बंड्याला गुरगुरल्याबद्दल रागावू नकोस. त्याने दाबून धरले तेव्हा दात लागले नाहीत, लगेच सोडले आणि पिल्लू अंग झटकून पुन्हा हुंदडू लागले, असे तू लिहिले आहेस. याचा अर्थ बंड्या फार चांगला शिक्षक आहे.

मात्र शिक्षकालाही सुट्टी लागते. पिल्लाला एकदा सांगून कळत नाही, त्याचे दुधाचे दात सुईसारखे टोकदार असतात आणि ते चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यान पडेपर्यंत हा त्रास राहणारच. बंड्याने दोनदा तोंड फिरवले आणि पिल्लू तरी त्याच्या कानाला लोंबकळते आहे, असे दिसले की तू उठून पिल्लाला शांतपणे बाजूला ने आणि चघळायला काहीतरी दे. ही गोष्ट दर वेळी झाली पाहिजे. बंड्याला कळू दे की त्याने नकार दिला की कोणीतरी मदतीला येते. मग त्याला स्वतः जोर लावण्याची गरज उरत नाही. पिल्लू संध्याकाळी विनाकारण पिसाळल्यासारखे चावत सुटत असेल तर ते बहुधा पेंगुळलेले असते. त्या वयात दिवसाचे अठरा-वीस तास झोप लागते आणि भरल्या घरात ती मिळत नाही. दारात आडवे जाळीचे फाटक लावून घे, म्हणजे दोघांनाही एकमेकांना पाहता येईल आणि तरी आपापला कोपरा राहील. कोणी घरात नसताना त्यांना एकत्र सोडू नकोस.

खाणे वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून. वाट्या धुऊन उचलून ठेवल्यावरच दार उघडायचे, कारण रिकाम्या वाटीवरूनही भांडणे होतात. चघळायची हाडे तर दोघे समोरासमोर असताना देऊच नकोस. दारातून बाहेर पडताना आणि तू घरी आल्यावर स्वागताच्या गडबडीत अरुंद जागी दोघे एकमेकांवर आदळतात, तेवढ्या वेळा सांभाळ.

‘सगळे आधी मोठ्याला द्या’ हे तुला अनेकांनी सांगितले असेल. त्यातला अर्धा भाग मला पटतो: बंड्याची फिरण्याची वेळ, त्याची झोपायची जागा, त्याचे लाड यांत पिल्लामुळे फरक पडता कामा नये. पण त्याला मानाचे पान देऊन दुसऱ्याला दाबायचे, हे कुत्र्यांच्या हिशेबात बसत नाही. त्यांच्यात वरचढपणा वस्तूगणिक बदलतो. आमची काळी आता चेंडू धाकट्याला खुशाल नेऊ देते, डोके उचलूनही पाहत नाही. पण खिडकीखालच्या तिच्या चटईवर त्याचा पंजा पडला की ती फक्त मान ताठ करते, आणि तो पंजा तसाच हवेत धरून क्षणभर थांबतो, दुसरीकडे पाहतो आणि मागे सरकतो. दिवसभरात हे कितीदा घडते, आणि पाहुण्यांच्या लक्षातही येत नाही. चेंडू कोणाचा आणि चटई कोणाची, हे त्यांना मी सांगितलेले नाही.

बंड्याची एकदा डॉक्टरांकडून तपासणी मात्र करून घे. सांधे दुखत असतील, ऐकू कमी येत असेल किंवा डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर मागून येऊन अंगावर पडणारे पिल्लू त्याला असह्य होणारच, आणि आपण त्याला मत्सर म्हणून मोकळे होतो. पिल्लाचे लसीकरण साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालते. ते पूर्ण झाले आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की दोघांना रोज एकत्र फिरायला ने. दोन पट्टे, दोन माणसे, मध्ये अंतर, तोंडे एकाच दिशेला. समोरासमोर बसवून ओळख करून देण्यापेक्षा शेजारी चालण्यातून ती लवकर होते.

काळजी कधी करायची, तेही लिहितो. पिल्लू किंचाळून शरण आल्यावरही बंड्या सोडत नसेल, पळणाऱ्या पिल्लाचा पाठलाग करून धरत असेल, रक्त निघत असेल, किंवा दोघांपैकी एकाचे खाणे तुटले असेल, तर त्यांना वेगळे ठेव आणि कुत्र्यांचे वर्तन जाणणाऱ्या डॉक्टरांना दाखव. प्रत्यक्ष भांडण जुंपले तर मध्ये हात घालू नकोस. जाड चादर टाक किंवा फळी आडवी सरकव.

आणखी एक. आज जमलेले पिल्लू वयात आल्यावर, म्हणजे वर्ष ते तीन वर्षांच्या दरम्यान, पुन्हा काही गोष्टींवर हक्क सांगून पाहील. तोपर्यंत बंड्या आणखी थकलेला असेल, आणि काही गोष्टी तो आपण होऊन सोडून देईल. तेव्हा त्याच्या बाजूने भांडायला जाऊ नकोस. त्याची झोप, खाणे आणि जागा शाबूत आहे ना, तेवढे पाहा.

पुढच्या पत्रात बंड्या रात्री कुठे झोपतो आणि पिल्लू त्याच्या किती जवळ जाऊ शकते, एवढे मला नक्की कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत