त्या घराचं पाणी जातं कुठे?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत दोन पानं भरून आलेला, जंगलातल्या डोंगरउतारावर बांधलेल्या काचेच्या घराबद्दलचा लेख वाचला. रात्री धड झोप लागली नाही, म्हणून आज सकाळीच लिहायला बसलो. घर देखणं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण अख्ख्या लेखात पाण्याचा उल्लेख एकदाच येतो, तोही पोहण्याच्या तलावापुरता. जून ते सप्टेंबर सह्याद्रीच्या उतारावरून जे पाणी खाली येतं, ते या घराच्या पाठीशी येऊन पुढे कुठे जातं, हा प्रश्न लेखिकेने वास्तुविशारदाला विचारलेलाच नाही.

मी ३४ वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काम केलं. सपाट जागेवरचं घर प्लॅनपासून सुरू होतं, उतारावरचं सेक्शनपासून, म्हणजे उभ्या छेदाच्या नकाशापासून. डोंगराचा उभा छेद काढला की वर माती किती, खाली मुरूम किती आणि काळा कातळ कुठे लागतो, ते कळतं. पाऊस माती-मुरमातून झिरपत कातळापर्यंत जातो आणि तिथे अडतो. मग वरचा सगळा थर भिजून जड होतो आणि खालून त्याची पकड सुटते. तुमच्या फोटोत घर बसवण्यासाठी उतार उभा कापलेला स्पष्ट दिसतो, म्हणजे त्या थराचा खालचा टेकूच काढला. कापलेल्या जागी काँक्रीटची सलग, गुळगुळीत भिंत घातली आहे. तिच्यात पाणी निघायला एकही भोक मला दिसलं नाही. भिंग घेऊन पाहिलं.

भोकांचं मला एवढं का लागलं आहे, ते सांगतो. आम्ही तेव्हा भांडुपला डोंगराच्या कडेला राहत होतो. इमारतीमागच्या संरक्षक भिंतीला दर दीड मीटरवर तीन इंची पाइप ठेवलेले होते. पावसाळ्यात त्यांतून तांबडं पाणी यायचं आणि रंगवलेल्या भिंतीवर ओघळ उठायचे. २००४ साली दिवाळीआधी रंगकाम निघालं, तेव्हा ती भोकं सिमेंटने बुजवायचं ठरलं. सभेत मी दोनदा उठून सांगितलं, की ही भिंत माती अडवण्यासाठी आहे, पाणी अडवण्याची ताकद तिच्यात नाही. इतिवृत्तात माझ्या बोलण्याची एक ओळसुद्धा आली नाही. पुढच्या जुलैत, २६ तारखेला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या रात्री आमच्या भिंतीने आधी पोट काढलं आणि मग ती तळमजल्याच्या मागच्या दोन स्वयंपाकघरांत आली. माणसं पुढच्या खोलीत होती म्हणून वाचली. शेजारच्या आजींना आम्ही चौघांनी खुर्चीत बसवून, मांडीएवढ्या चिखलातून बाहेर काढलं. त्या घरात त्या परत कधी राहायला आल्या नाहीत.

आता त्या तलावाकडे वळतो. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सव्वा मीटर खोल, अशी मापं लेखातच दिली आहेत. म्हणजे ४० घनमीटर पाणी, ४० टन वजन, आणि तेही उताराच्या काठावर. तलाव कुठेतरी थोडाथोडा पाझरू लागला, तर पाऊस नसतानाही खालची माती ओली राहणार. शोषखड्ड्याचंही तेच. ही माहिती वाचकांना नको होती का?

‘मोजकीच झाडं तोडली’ या वाक्याने तर मन अस्वस्थ झालं. झाड तोडल्यावर मुळं लगेच कुजत नाहीत, काही वर्षं माती धरून ठेवतात. धोका त्यानंतर सुरू होतो, आणि तोवर घराचे फोटो काढून झालेले असतात. माळीणला ३० जुलै २०१४ रोजी, तळियेला २२ जुलै २०२१ रोजी आणि इर्शाळवाडीला १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर खाली आला. तिथे काचेचे बंगले नव्हते, तरी आला. राज्याच्या २०२० च्या बांधकामांसाठीच्या एकीकृत नियमावलीत १:५ आणि त्याहून तीव्र उतारावर कापाकापी आणि भराव करण्याला मनाई आहे, ती काही उगीच नाही.

उतारावर घर बांधूच नये, असं मी म्हणत नाही. माझं आजोळ संगमेश्वर तालुक्यातलं, घर डोंगराच्या अंगालाच. घरामागे सिमेंटचा कण नसलेला दगडांचा गडगा होता. पावसात त्याच्या फटीफटीतून पाणी गळायचं आणि गडगा जागचा हलायचा नाही. आजोबा मृगाआधी घराच्या वरच्या अंगाला चर खणून घ्यायचे आणि पाणी बाजूच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, सोडायचे. आजच्या घरालाही हे जमतं. खांब कातळापर्यंत न्या, घर त्यांवर उचलून धरा, मजले उताराबरोबर पायरी-पायरीने उतरवा, खालून पाण्याला वाट मोकळी ठेवा. खर्च वाढतो, पण डोंगर तोडावा लागत नाही.

पुढच्या वेळी अशा घरावर लिहाल तेव्हा फोटोंबरोबर निदान एक सेक्शन छापा, ही कळकळीची विनंती. आणि गर्द हिरव्या फोटोवर पांढऱ्या बारीक अक्षरांत मजकूर छापणं बंद करा. आम्हा म्हाताऱ्यांना तो वाचताच येत नाही. निम्मा लेख मला नातीकडून वाचून घ्यावा लागला.

मुलुंडच्या आमच्या आताच्या इमारतीमागेही भिंत आहे. तिला ४२ भोकं आहेत. दर वर्षी मेअखेरीस मी सळई घेऊन ती साफ करतो. यंदा त्यांतली सहा कुणीतरी सिमेंटने बुजवलेली निघाली.

– एक निवृत्त ड्राफ्ट्समन, मुलुंड (पश्चिम)