ताबा सुटला नव्हता, ट्रेलर सरकला होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'फोर्कलिफ्टवरील ताबा सुटून चालक जखमी' हा कालचा मथळा वाचला. ताबा सुटला हे कोणी ठरवले? तुमच्याच छायाचित्रात ट्रेलर डॉकपासून, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्यापासून, हातभर पुढे गेलेला आहे, लेव्हलरची, म्हणजे डॉक आणि ट्रेलरमधली फट सांधणाऱ्या लोखंडी पुलाची, पुढची पट्टी खाली लोंबते आहे आणि ट्रेलरच्या मागच्या चाकाजवळ अर्धी वीट पडली आहे. एवढे समोर दिसत असताना दोष चालकाच्या माथी मारला, याची चीड येते.

अडीच टन उचलणारी फोर्कलिफ्ट स्वतःच साडेतीन-चार टनांची असते. भरलेले पॅलेट (माल रचायचा पाट) घेऊन ती ट्रेलरमध्ये शिरते आणि ब्रेक लावते, तेव्हा सहा टन वजनाचा रेटा ट्रेलरला पुढे ढकलतो. दर फेरीला थोडाथोडा. लेव्हलरची पट्टी ट्रेलरच्या फळीवर निदान 100 मिलिमीटर टेकलेली हवी. तो टेका कधी संपला ते आत काम करणाऱ्याला कळतही नाही. मग मागे येताना फोर्कलिफ्टची जड मागची बाजू आधी बाहेर पडते आणि चाके थेट फटीत.

चाकाला अडसर म्हणून वीट काय कामाची? वजनाखाली तिचा भुगा होतो. रबरी ठोकळे हवेत, ट्रेलरच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंच्या मागच्या चाकांना, चाकाच्या पुढच्या अंगाला, टायरला भिडवून. ओल्या किंवा तेलकट जमिनीवर तेही घसरतात, म्हणून रोजच्या डॉकवर ट्रेलरच्या मागच्या आडव्या दांडीला पकडणारा हुकच बसवावा. ट्रकची किल्ली काम संपेपर्यंत डॉकवर जमा. ट्रक सोडवून ट्रेलर नुसता उभा असेल तर पुढच्या टोकाखाली जॅक लावल्याशिवाय आत जाऊच नये. फोर्कलिफ्ट टोकापर्यंत गेली की ट्रेलरचे पुढचे आधाराचे पाय दबून अख्खा ट्रेलर नाकावर येतो.

आणखी एक. 'चालकाने वेळीच उडी मारायला हवी होती' हे वाक्य तुम्ही छापलेच कसे? बसून चालवायच्या फोर्कलिफ्टमधून उडी मारणारा डोक्यावरच्या लोखंडी चौकटीखाली सापडतो. पट्टा बांधलेला ठेवायचा, पाय रोवायचे, स्टिअरिंग घट्ट धरायचे आणि गाडी पडते त्याच्या उलट बाजूला झुकायचे. कोणी ते वाक्य खरे मानून उडी मारण्याआधी त्याची दुरुस्ती पहिल्या पानावर छापा.

आपला,
एक वाचक